आईच्या वाकळा गल्लीत टांगल्या तेव्हा

पहिल्या पुण्यस्मरणाचा मजकूर दादानं बराच आधी करून ठेवला होता. ‘मायेचा सागर, त्यागमूर्ती, आमचे प्रेरणास्थान’. मध्ये आईचा फोटो. खाली ‘शोकाकुल’ आणि त्याखाली आम्हा सगळ्यांची नावं, पार परदेशातल्या भाच्यापर्यंत. कोल्हापुरात ही रीतच आहे. पेपरात जाहिरात आणि गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स, दोन्ही झाल्याशिवाय माणूस रीतसर गेल्यासारखं वाटत नाही. मी तो कागद वाचला. नाव आणि फोटो बदलला असता तर पलीकडच्या गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीला तो मजकूर चालला असता.

“यात आई कुठं हाय?” मी विचारलं.

“म्हंजे? मग काय लिहायचं? वाकळा शिवायची असं?”

“तेच लिही की.” वाकळ म्हणजे जुन्या कापडांची हातानं टाचलेली गोधडी.

दादा आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला, “तूच लिही जा.” त्याच्या त्या ‘जा’मुळं पुढचे दोन-तीन महिने आमच्या घरात जो पसारा झाला, त्याची ही हकिगत. कुणाच्या माळ्यावर अशीच एखादी ट्रंक पडून असेल तर त्यांना यातलं काही कामाला येईल.

आईचा जन्म १९४६ चा, कागल तालुक्यातल्या खेड्यातला. शाळा चौथीपर्यंत. १९६४ साली लग्न होऊन ती शुक्रवार पेठेत आली. पुढं सोपा, मागं दोन खोल्या, परड्यात नळ. बाबा शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली ही मिल. तिच्या भोंग्यावर निम्म्या कोल्हापूरच्या चुली पेटायच्या. खराब निघालेल्या मालाचे तुकडे कामगारांना स्वस्तात मिळत. बाबा ते आणून आईच्या पुढ्यात टाकायचे आणि म्हणायचे, “हे घे तुझं भांडवल.” ते थट्टेनं म्हणायचे, पण ते खरंच भांडवल होतं. बाबा निवृत्त झाले, पुढं २००३ मध्ये मिलही बंद पडली, तरी आईचा वाकळेचा धंदा सुरूच होता. हो, धंदा. या शब्दावरून घरात वाद झाला, त्याचं पुढं सांगते.

ती गेली गेल्या वर्षी माघात, पहाटे, झोपेतच. पंचगंगेच्या स्मशानभूमीत नेली. आमच्याकडं दहनाला शेणी, म्हणजे गोवऱ्या, लागतात आणि महापालिका त्याचे पैसे घेत नाही. होळीच्या सुमारास लोक शेणी दान करतात त्यावर बरंचसं भागतं. आई दरवर्षी शेणी द्यायची. का विचारलं तर म्हणायची, “आपलं आपण आधीच भरून ठेवल्यालं बरं.” रक्षाविसर्जन, उत्तरकार्य सगळं रीतीनं झालं. वहिनींनी लुगडी वाटून टाकली. ट्रंकेला मात्र कुणी हात लावला नाही. ती उघडली दिवाळी झाल्यावर, उन्हं चांगली पडायला लागल्यावर.

ट्रंकेत वाकळा, दिवाणात वाकळा, माळ्यावर पोत्यात बांधलेल्या वाकळा. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे मधेमधे. डांबरगोळ्या तिला चालायच्या नाहीत, “त्या वासानं पोरं झोपत न्हाईत,” म्हणायची. पाला घातल्यामुळं कसर कुठंही नव्हती. कुबट वास मात्र होता आणि काहींच्या घड्यांवर पिवळे पट्टे पडले होते.

आधी धुणं. माझ्या भाचीनं, म्हणजे दादाच्या मुलीनं, सरळ मशीनकडं बोट दाखवलं. जुनी वाकळ मशीनमध्ये घालायची नाही. ओली झाली की तिचं वजन इतकं वाढतं की फिरता फिरता तिचेच टाके तिला फाडतात. आम्ही रिठे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून त्याचं पाणी केलं. त्याआधी प्रत्येक वाकळेच्या लाल आणि काळ्या तुकड्यांवर ओला पांढरा फडका दाबून बघितला. फडक्याला रंग आला की ती वाकळ बाजूला. तिला नुसतं ऊन दाखवायचं आणि मऊ ब्रशनं झाडायचं. बाकीच्या परड्यातल्या हौदात बुडवून हातानं दाबून काढल्या. पिळायच्या नाहीत. उचलताना दोघी पाहिजेत आणि खालून आधार देऊन उचलायचं. दोरीवर ओली टाकली तर सगळा भार एका रेघेवर येतो आणि नेमका तिथला जुना दोरा तुटतो, म्हणून गच्चीवर जुन्या चादरी अंथरून त्यावर उलट्या पसरायच्या. माझी कंबर धरली, वहिनींना सर्दी झाली, पण त्या पाण्याचा रंग बघितल्यावर कुणी तक्रार केली नाही. पन्नास वर्षांची धूळ होती ती.

धुऊन झाल्यावर एकेक वाकळ सोप्यात अंथरून मी तिच्यासमोर बसायला लागले. यात वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा. एकीचं सांगते.

वरचा थर हिरव्या इरकलीचा. एका टोकाला टोपपदराचा लाल पट्टा आईनं अखंड ठेवलाय, त्यावर एकही ठिगळ नाही. ती इरकल आजीची, म्हणजे आईच्या आईची. तिचा पदर कापायला हात धजावला नसणार. मधल्या भागात बाबांच्या खाकी पँटीचे चौकोन, पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्याचे चौकोन, आणि दर चौथ्या घरात पिवळ्या फुलांचं कापड. ते माझं परकर-पोलकं. मी दुसरीत असताना त्याला शाई लागली होती, आणि शाईचा तो भाग आईनं बरोबर खाकीच्या खाली दडवलाय. वरून चाचपलं की बोटाला जाड लागतं. चारी कडांना दुमडलेल्या त्रिकोणांची माळ. वाकळ उलटी केली तर मागं मांजरपाट, आणि त्याच्या कोपऱ्यात मिलचा निळा शिक्का अर्धा कापलेला. टाके ज्वारीच्या दाण्याएवढे, ओळीत ओळ, दोन ओळींमध्ये एक बोट अंतर. हे सगळीकडं सारखं. फक्त एका कोपऱ्यात वीतभर जागेत टाके लांबट आणि किंचित तिरपे. ते कुणाचे, हे तेव्हा कळलं नव्हतं.

एवढं बघितल्यावर मला एक वही करावीशी वाटली. प्रत्येक वाकळेचा फोटो, लांबी-रुंदी, कापडं कुणाकुणाची, कुठल्या सालची. फोटोसाठी भाचीनं चांगली शक्कल काढली. वाकळ अंगणात सपाट पसरायची, सकाळी ऊन भिंतीवरून खाली उतरायच्या आधी, आणि वरून, जिन्याच्या कठड्यावरून फोटो घ्यायचा. भिंतीला टांगून घेतला तर मधे झोळ येतो आणि चौकोन वाकडे दिसतात. एक फोटो पूर्ण, एक मागच्या बाजूचा, एक टाक्यांचा, शेजारी शिंप्याची टेप ठेवून.

साल मात्र ठरेना. वाकळेवर कोण तारीख घालतं? ती सापडली कॅलेंडरांत. आईनं जुनी कॅलेंडरं टाकली नव्हती. पानाच्या पुढच्या बाजूला दुधाचे खाडे, गॅस लागल्याची तारीख, भिशीचे हप्ते. मागच्या कोऱ्या बाजूला शिसपेन्सिलीनं हिशोब: ‘मोटी वाकळ ४० रु. दोरा तेंचा.’ ‘दुपटे १५.’ ‘बाकी २० मागणे.’ आणि एका पानावर, त्याच चाळीस रुपयांच्या पुढं बाण काढून, ‘फी’.

हे मी जेवताना वाचून दाखवलं आणि दादाचा हात थांबला. “हे कशाला बाहेर सांगायचं? लोक म्हणतील बाबांचा पगार पुरत नव्हता.”

“पुरत नव्हताच की.”

“आई हौसेनं करायची.”

“हौसेचे कुणी वीस रुपये बाकी मागत न्हाई, दादा.”

तो उठून गेला. मला त्याचा राग आला नाही, खरं सांगायचं तर. आपल्याकडं बाईनं घरात बसून केलेल्या कामाला हौस म्हटलं की सगळ्यांचीच सोय होते: नवऱ्याची, मुलाची, गिऱ्हाइकाचीही. पण आई दर ठरवत होती. आठवड्यात किती ओळी होतात ते बघून तारीख देत होती. एकीनं पैसे बुडवले तर पुढच्या वर्षी तिचं काम घेतलं नाही, तेही पानावर आहे, नावापुढं फुली मारून. अशा बाईला त्यागमूर्ती म्हणायचं म्हणजे तिच्या हिशोबाच्या वहीवर पाणी ओतायचं.

कॅलेंडरांतच ओव्या सापडल्या. आई जात्यावर ओव्या म्हणायची हे आम्हाला माहीत होतं. पिठाची गिरणी जवळ आली आणि जातं परड्यात पडलं, तसं ते थांबलं अशी आमची समजूत होती. थांबलं नव्हतं. दळण गेलं, तरी ती टाके घालता घालता जुळवत होती आणि रात्री पानामागं लिहून ठेवत होती. ही तिची, १९७० च्या दशकातली असावी:

गिरणीचा भोंगा झाला, सखा निघाला लगबगी
भाकरी बांधियेली, संगं मिरची लवंगी.

आणि ही भाचीवरची, ती पहिलीत गेली तेव्हाची:

नात माझी शाळेला गं, तिचं दप्तर लई जड
तिच्या पाटीवरती गं माझ्या अक्षराची ओढ.

दुसरी वाचून भाची आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली ती मोबाईल घेऊन. तिच्याकडं आज्जीचे कितीतरी आवाज होते. आम्ही फोन करायचो, या दोघी मात्र एकमेकींना आवाज पाठवायच्या. आईला टाइप करता येत नव्हतं आणि माइकचं बटण दाबता येत होतं. बहुतेक सगळे असे: “जेवलीस काय? जेव. ठेवतो.” आमच्याकडं बायका ‘करतो, जातो’च म्हणतात. पण काही लांब होते. एकात तिनं नातीला वाकळ कशी टाचायची ते सांगितलंय, मागं कुकरची शिट्टी, मधेच “थांब, दूध बघतो” आणि मग पुन्हा सुरू:

“आधी खालचं कापड ताणून घे. चारी कोपऱ्यांवर वजन ठेव, पाटा ठेव, वरवंटा ठेव. मग आतलं जुनंपानं, मग वरचं. लांब लांब टाके घालून धरून ठेव. आन मग कडंनं सुरवात. भायेरनं आत यायचं, गोल गोल. कड बांधली की आतलं कापड कुठं पळत न्हाई. मधी शेवट. शेवटाला भाकरीचा तुकडा घालायचा आन मग गाठ मारायची. उपाशी वाकळ कुणाला ऊब देत न्हाई.”

हे आवाज भाचीच्या एकाच मोबाईलमध्ये होते. मोबाईल रंकाळ्यात पडला असता तर आई दुसऱ्यांदा गेली असती. आम्ही त्याच दिवशी सगळे बाहेर काढून तीन ठिकाणी ठेवले: माझ्या लॅपटॉपवर, एका पेन ड्राइव्हवर आणि त्या परदेशातल्या भाच्याकडं. फाईलची नावं भाचीनं दिली, ‘आज्जी-वाकळ-टाचणे’, ‘आज्जी-चटणी’, ‘आज्जी-रागावलेली’. नावं अशीच द्यावीत. नुसते आकडे राहिले तर दहा वर्षांनी कुणी उघडून ऐकणार नाही.

‘आज्जी-चटणी’त कांदा-लसणाच्या चटणीचं प्रमाण आहे, ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती. ते मी इथं देणार नाही. वहिनी आता ऑर्डरी घेतात.

वाकळा लोकांना दाखवायच्या, हे आधी माझ्या डोक्यात नव्हतं. वही झाली की वाटून टाकू, एवढाच विचार होता. पुण्याच्या एका नातेवाइकानं तर सुचवलं की दोन-तीन चांगल्या निवडून काचेच्या फ्रेममध्ये घाला, भिंतीवर भारी दिसतील. मला ते पटलं नाही. अंगावर घ्यायची वस्तू काचेत कशाला कोंडायची? पण वर्षश्राद्धाच्या सुमारास गल्लीत शिवजयंतीच्या मांडवाचे बांबू येऊन पडले होते. तालमीतली पोरं ते सोलत बसली होती. त्यातला एक मला म्हणाला, “आत्या, आज्जीची वाकळ आमच्याकडं पण हाय. माझ्या बारशाची.” मग दुसरा म्हणाला, “आमच्यात दोन हाईत.” आणि मला एकदम वाटलं, या सगळ्या एका दिवसापुरत्या एकत्र आल्या तर?

पोरांनी ते माझ्यापेक्षा मनावर घेतलं. गल्लीतल्या वाकळा त्यांनीच घरोघर फिरून गोळा केल्या. कुणाची कुठली ते कळावं म्हणून भाचीनं मांजरपाटाच्या पट्ट्यांवर नावं लिहून त्या सेफ्टी पिनेनं कडेला लावल्या. पिना कडेच्या दुमडीतच, मधल्या कापडात नाही. या गच्चीवरून त्या गच्चीवर बांबू आडवे टाकले, बांबूला आधी जुन्या चादरी गुंडाळल्या आणि वाकळा त्यावरून निम्म्या-निम्म्या सोडल्या, म्हणजे भार दोन्हीकडं सारखा. शिडी तालमीची, दोर मंडळाचा, वरून ओरडणं दादाचं. हो, दादा आला होता. सकाळी सहालाच गच्चीवर होता आणि कुठल्या गाठीनं बांधायचं यावरून पोरांशी भांडत होता.

सकाळचं श्राद्ध उरकलं, पान वाढलं, कावळा पटकन शिवला (वहिनींच्या मते चटणी ताटात होती म्हणून). नऊ-साडेनऊला गल्ली भरायला लागली.

मला वाटलं होतं लोक येतील, बघतील, ‘छान’ म्हणतील. तसं झालं नाही. बायका वाकळांना हात लावायला लागल्या. “अगो, हे माझ्या सासूबाईंचं लुगडं!” “ही बघ तुझ्या बाबाची शर्ट, लग्नाची.” एकमेकींना ओढून आणून दाखवत होत्या. एक म्हातारे गृहस्थ, बाबांच्या खात्यातले, निळ्या शिक्क्यापाशी बराच वेळ उभे होते. मग त्यांनी भोवतीच्या पोरांना मिलमध्ये पाळ्या कशा लागायच्या ते सांगायला सुरुवात केली आणि ते दुपारपर्यंत सांगत राहिले. आईनं गिऱ्हाइकांकडून आलेल्या कापडातला उरलेला तुकडा दुसऱ्याच्या वाकळेत सर्रास वापरला होता. म्हणजे गल्लीत ज्यांचं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलणं नाही त्यांच्या धोतर-लुगड्यांचे तुकडे एकाच वाकळेत शेजारी शेजारी बसले होते. अशी एक भावकीतली जोडी समोरासमोर उभी राहून ते बघत होती. बोलली नाहीत. पण हसली.

त्या इरकलीच्या वाकळेपाशी समोरच्या काकू थांबल्या. आईहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी चष्मा वर केला आणि तिरप्या टाक्यांवर बोट ठेवलं.

“हे माझं. तुझी आई पंढरपूरला गेलती तवा. मला म्हणली, एवढा कोपरा ओढ. आल्यावर बघितलं आन म्हणली उसव. उसवला. परत घाटला. परत म्हणली उसव. तिसऱ्या खेपंला मी म्हणलो, न्हाई उसवत जा! मग राहिला.”

“मग पैसे दिलं का न्हाई तिनं?”

“दिलं की. कोपऱ्याचं दिलं. मोजून.”

आता पुराच्या वाकळेचं. ती मी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी, आमच्याच भिंतीला लागून टांगली होती. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोक्याची पातळी, आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शुक्रवार पेठ पाण्यात होती. आईला पोरांनी नावेतून काढलं, आणि नावेत तिच्या मांडीवर कागदपत्रांची पिशवी होती न् डोक्यावर वाकळांचं बोचकं. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल. कपाटातले कपडे कितीही धुतले तरी डाग जाईनात. आम्ही टाकून द्यायला निघालो तर तिनं पोतंभर ठेवून घेतले. त्र्याहत्तर वर्षांची होती.

त्यांची ही वाकळ. वरचा भाग पांढऱ्या, पिवळ्या, फिक्या कापडांचा, स्वच्छ. खालचा मोठा भाग त्या डागाळलेल्या कापडांचा, मातकट, कुठं कुठं काळपट. दोन्ही जिथं मिळतात तिथं एक निळ्या दोऱ्याची ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आईच्या सगळ्या वाकळांत रंगीत दोऱ्याची ओळ फक्त ही एकच. ती मला सुंदर वाटली होती, मी वहीत तसं लिहिलंही होतं. पण त्या दिवशी दादा तिच्याजवळ उभा राहिला, भिंतीकडं बघितलं, वाकळेकडं बघितलं, आणि आतून टेप घेऊन आला. सोप्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे. रंग दिला तेव्हा आईनं तेवढी वीतभर जागा सोडायला लावली होती. दादानं जमिनीपासून त्या रेघेपर्यंत मोजलं. मग वाकळेच्या खालच्या कडेपासून निळ्या दोऱ्यापर्यंत मोजलं. दोन्ही आकडे एकच.

“मापानं केलीया,” दादा म्हणाला. मग जो येईल त्याला तो ते मोजून दाखवायला लागला. वाकळ खांद्याशी उभी धरायची, खालची कड जमिनीला टेकवायची. निळा दोरा छातीला लागतो. “एवढं पाणी होतं आमच्या घरात. आईनं मापानं केलीया.” संध्याकाळपर्यंत त्यानं ते किती जणांना सांगितलं कुणास ठाऊक. मी ऐकत होते. त्याच्या बोलण्यात एकदाही त्यागमूर्ती आली नाही.

फ्लेक्सचं राहिलंच. तो शेवटी मी लिहिला. दुकानातल्या पोरानं चंद्र, गुलाब आणि ढगांतून येणारी किरणं अशी पार्श्वभूमी तयार ठेवली होती. मी ती काढायला लावली आणि एका वाकळेच्या टाक्यांचा फोटो घ्यायला लावला. मजकूर असा: ‘साठ वर्षं वाकळा शिवल्या. कापड कुणाचंही असो, टाका एकसारखा घातला. मोठ्या वाकळेचे पैसे घेतले, दुपट्याचे कमी घेतले, उधारी लक्षात ठेवली. ओव्या रचल्या. चूक दिसली की उसवायला लावलं.’ पोरानं तो वाचला आणि विचारलं, “मॅडम, ‘भावपूर्ण’ कुठं टाकू?” पेपरातल्या जाहिरातीत मात्र त्यागमूर्ती आलंच; ते दादानं परस्पर दिलं होतं. असू दे. जाहिरातीचे पैसेही त्यानंच दिले.

वाकळा आता वाटल्या गेल्या आहेत. ज्याची कापडं जास्त त्याला ती, असा साधा नियम केला आणि वाद झाला तिथं चिठ्ठ्या टाकल्या. वापरायच्या अटीवर दिल्या. पुराची दादाकडं. इरकलीची माझ्याकडं, थंडीत अंगावर असते.

राहिली होती एक अर्धवट. माळ्यावरच्या पोत्यात सापडली. कड बांधलेली, आत सहा-सात ओळी आणि सुई तशीच टोचलेली, गंजून कापडाला डाग पडलेला. भाचीनं ती पुरी करायला घेतली, आज्जीचा आवाज कानाला लावून. रविवारी समोरच्या काकू येऊन बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी नातीनं घातलेली पूर्ण ओळ बघितली, नखानं एक टाका उचलून पाहिला आणि म्हणाल्या, “उसव.” भाचीनं माझ्याकडं बघितलं. मी स्वयंपाकघरात गेले.

आता तिची बरीच बरी येते. गेल्या आठवड्यात बुरूड गल्लीतली एक बाई विचारत आली, मुलीच्या बाळासाठी दुपटं करून द्याल का म्हणून. भाची लाजली, त्या बाईला म्हणाली, “काकू, तुम्ही द्या हो काय द्यायचं ते.” समोरच्या काकू दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “साडेसातशे. निम्मं आधी. दोरा तुमचा.”